राणीनं पोराला हुंगलं कुठं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर जास्त दिली, तर मी आधी मेथीची जुडी उलटी करून बघते. त्यात पोटापाण्याचं कामही तसलंच मिळालं. हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. एखादी गोष्ट नीट चाललीय, म्हणजे आत काहीतरी नक्की लपलंय, असं धरूनच दिवस काढायचा. ऑफिसात याचं कौतुक होतं. घरात याचं काय होतं, ते मला फार उशिरा कळलं.

बावधनच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो. मी बार्शीची, ती सांगलीकडची. ती लवळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात होती. चार वर्षं एका छताखाली काढली, एकमेकींची आजारपणं काढली, एकमेकींना बघायला आलेल्या स्थळांची यथेच्छ टिंगल केली. मी गावाहून परत आले की ती दारातच माझी पिशवी हिसकावून घ्यायची. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तिथल्या तिथे उघडायची, त्यात नाक खुपसायची आणि म्हणायची, "आलीस गं बाई माझी!" हे चटणीला, मला नव्हे. मी पायातल्या चपलांसह दारातच उभी असायची.

मागच्या वर्षी ती मालिका सुरू झाली. मिठाच्या डोंगरांचं राज्य, बारा वर्षांपूर्वी हरवलेला राजपुत्र, जादूटोणा करणारे नावाडी वगैरे. परदेशी मालिका, पण आम्ही हिंदीतून बघायचो. नवा भाग शुक्रवारी यायचा. खालच्या मजल्यावरचं अमरावतीकडचं जोडपंही आमच्यासारखंच वेडं निघालं, म्हणून नियम ठरला: रविवारी सकाळी अकराला, चौघांनी मिळून, आमच्या हॉलमध्ये. तोवर कुणी एकट्याने बघायचं नाही आणि इंटरनेटवरच्या चर्चा तर उघडायच्याही नाहीत. चटणीच्या डब्यावर हात ठेवून शपथा घेतल्या होत्या. हसू नका, आम्ही अगदी गंभीर होतो.

भाग संपला की खरी मजा. खालचा नवरा लेखकांवर तुटून पडायचा. "याला काही पाया आहे का? मनात आलं की जादू, मनात आलं की मरण!" त्याची बायको प्रत्येक पात्राची बाजू घ्यायची. मी कथेतल्या चुका मोजायची: मागच्या भागात जखम डाव्या हाताला होती, आज उजव्या कशी? माझी मैत्रीण मात्र गप्प बसायची आणि मधूनच एखादं वाक्य टाकायची.

दुसऱ्या भागात तो राजपुत्र परत आला. मानेवर जन्मखूण, गळ्यात मिठाच्या खड्याचा ताईत, दरबारात रडारड. राणी सिंहासनावरून उठली, "माझा मुलगा" म्हणाली. आमच्याही डोळ्यांत पाणी. आणि ही स्वयंपाकघरातून पाणी पिऊन येते आणि म्हणते, "हा मुलगा खोटा आहे. आणि राणीला ते माहीत आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"असंच वाटलं," ती म्हणाली आणि तिने स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं.

आम्ही तिला वेड्यात काढलं. पण चौथ्या भागात ती म्हणाली, दरबारच्या पंगतीला बसलेला तो म्हातारा सरदार पळून जाणार. तो पाचव्यात पळाला. त्याच भागाच्या शेवटी राजपुत्र खोटा निघाला. मी सोफ्यावर ताठ बसले. एकदा जमलं तर अंदाज म्हणू, पण दोनदा? खालचा नवरा "मानलं बुवा!" म्हणत टाळ्या वाजवत होता, आणि मी मनात हिशेब मांडत होते. ही आधी बघते. शपथ घेऊन, तोंड वर करून, आधी बघते.

मग मी कामाला लागले. मालिकेच्या खात्यात कुणी काय कधी बघितलं ते दिसतं, ते तपासलं. काही नाही. सगळं स्वच्छ. त्यावरून माझा संशय उलट पक्का झाला, इतकं स्वच्छ कुणाचं असतं का? मग मी तिच्या वेळा बघायला लागले. ऑफिस साडेपाचला सुटतं, रिक्षाने अर्धा तास, मग ही सात-सात वाजता का उगवते? शनिवारी संध्याकाळी मी आत गेले की स्वयंपाकघरात कुजबुज बंद. ती ओट्याला टेकून उभी, फोन हातात, आणि आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मान खाली घालून कणीक तिंबतायत. म्हणजे ही फोनवर बघते आणि मावशींना पहाऱ्याला ठेवते, असा मी अर्थ लावला. मावशींशी तिचं गूळपीठ होतंच. मावशी लवळ्याच्या वरच्या वस्तीवरच्या, घरी शेळ्या-मेंढ्या, आणि दोघी एकाच रिक्षाने यायच्या.

एका शनिवारी ती आंघोळीला गेली आणि मी तिचा फोन उघडला. उघडायची खूण मला माहीत होती, तिनेच कधीतरी दाखवली होती, अडीअडचणीला असू दे म्हणून. सगळं धुंडाळलं. आईशी झालेलं बोलणं, ऑफिसचे निरोप, कुठल्याशा मलमाचा फोटो. मालिकेचं काहीच नाही. नळ बंद झाल्याचा आवाज आला तसा फोन होता तिथे ठेवला. लाज वाटली नाही, राग आला. काही सापडलं नाही याचाच राग. आज हे लिहिताना मात्र कानशिलं तापतात.

सहाव्या भागात राणी बोलली. पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं की हा आपला मुलगा नाही. राज्य टिकवायला कुणीतरी वारस हवा होता, म्हणून तिने त्याला आपलं म्हटलं.

खालचा नवरा उसळला. "ही काय फालतूगिरी आहे! एक इशारा तरी द्यायचा आधी. आकाशातून पडलं का हे?"

"होता की," माझी मैत्रीण शांतपणे म्हणाली. "तो आला तेव्हाच दिसत होतं."

झालं. माझा तोल गेला. "तुला दिसणारच! तू शुक्रवारीच बघतेस ना!"

"काय?"

"नाटकं नकोत. चार जणांत शपथ घेतलीस आणि चोरून बघतेस. वर आम्हाला अक्कल शिकवतेस!"

"मी काहीही बघितलेलं नाही."

"मग पुसून टाकलं असशील. फोनमध्ये काही सापडलं नाही, म्हणून काय मी खुळी आहे?"

बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं की मी काय बोलले. खालची बायको नवऱ्याचा हात धरून बसली होती. मैत्रिणीने फक्त विचारलं, "माझा फोन बघितलास?"

मी उत्तर देण्याआधी मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला ज्वारीचं पीठ तसंच.

"ताई, त्यास्नी बोलू नगा. म्या सांगितलं त्यास्नी."

"तुम्ही? तुम्ही काय सांगितलं?"

"त्ये पोरगं राणीचं न्हाई म्हनून. अवो, बारा वर्सानं पोरगं घावलं, आन राणीनं त्याला हुंगलं कुटं? लांबनंच बोलली. मेंढरं चरून आली का आमी कोकरं सोडतो. शंभर कोकरं असू द्या, मेंढी आपलं कोकरू हुंगून घेती. दुसऱ्याचं आलं तर ढुशी मारती. आई आदी हुंगती, मग बाकीचं. हिनं नुसतं त्वांडानं 'माजं' म्हनलं."

"आणि तो सरदार?" खालच्या नवऱ्याने विचारलं.

"घास घेताना दाराकडं बगत हुता. खानाऱ्या मानसाचं ध्यान ताटात पायजे."

त्याही परिस्थितीत खालचा नवरा "अरे बाप रे" म्हणाला. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत? हे लपवायचं कशाला?"

मावशींनी हाताचं पीठ झाडलं. "तुमीच म्हनला हुता न्हवं? भाकर करपली तवा. टीव्ही बगायचा आसंल तर सोताच्या घरी बगा म्हनून. आमच्यात टीव्ही बंद पडल्याला. मंग मी दारातनं जरा जरा बगायची, आन ह्या ताई माज्यासाटी थांबायच्या, रिक्षात बाकीची गोष्ट सांगायच्या. लई जीव लागला हुता. तुमी कामावरनं काढचाल म्हनून मीच म्हनलं, नाव सांगू नगा."

म्हणाले होते मी. पहिल्याच रविवारी. एका भाकरीपायी. मी विसरूनही गेले होते.

मैत्रिणीने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडणात तरबेज आहे. तिने महिनाअखेरीला कॉलेजजवळ खोली घेतली. "रोजची रिक्षा वाचेल," एवढंच म्हणाली. जाताना तिने गाद्यांच्या खोळी धुऊन, घडी घालून ठेवली.

शेवटच्या भागाला खालचं जोडपं आलं नाही. पाहुणे आहेत म्हणाले. मी मावशींना म्हटलं, गॅस बंद करा आणि सोफ्यावर बसा. त्या दाराशी खालीच बसल्या.

"हितंच बरं हाय. करपलं तर वास तरी येतो," म्हणाल्या.

भाग संपल्यावर विचारलं, "मावशी, मी सगळे भाग डोळ्यांत तेल घालून बघितले. मला कसं नाही हो दिसलं?"

"तुमी चोर हुडकत बसता, ताई. मी आपली मानसं बगती."

पुढच्या महिन्यात मी बार्शीला गेले, आईकडून चटणी कुटून घेतली आणि परत आल्यावर तशीच रिक्षा करून लवळ्याला गेले. वाटेत चारदा वाक्य घोळवलं. तिने दार उघडलं.

"अगं, तू? ये ना, बस."

चेहऱ्यावर हसू होतं. पाणी दिलं. आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मी म्हणाले, "माझं चुकलं गं. फार वाईट वागले मी तुझ्याशी. मला तुझी आठवण येते."

"जाऊ दे, मी केव्हाच विसरले," ती म्हणाली.

मी पिशवीतून डबा काढून पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. "कशाला एवढा त्रास घेतलास," म्हणाली आणि टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी, नीट ठेवला.

मग आम्ही तासभर बोललो. ऑफिस, घरभाडं, रस्त्यातले खड्डे. चहा झाला. पुन्हा ये म्हणाली, दारापर्यंत सोडायलाही आली. तिच्या बोलण्यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. चपला घालताना मी एकदा आत टेबलाकडे बघितलं. डब्याचं झाकण लागलेलंच होतं.