कुमकबाई

कुमकबाईंना साधी मदत कधी लागत नसे. लागायची ती कुमक. वर्गातले खडू संपले की निरोप यायचा, "खडूंची कुमक पाठवा." पालघरच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

"आपल्याकडे हा शब्द फौजेबरोबर आला," त्या सांगायच्या. "म्हणून आपली कुमक जाते ती वेढा पडलेल्या किल्ल्याला. तिकडे मध्य आशियात कझाक, तुर्कमेन लोक कोमेक म्हणतात, आणि अर्थ नुसता मदत. शेजारीण धान्य निवडायला आली तरी कोमेक."

"मग आपला शब्द जास्त रुबाबदार," मी म्हटलं.

"रुबाब आला आणि शेजारीण गेली."

हा शब्द मुळात कुठून निघाला, याचा नीट उलगडा झालेला नाही म्हणे. त्यांना तो करायचा होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण बोलताना त्या इतक्या खुलायच्या की मी मुकाट ऐकत बसायचे.

शाळा सुटली की मात्र त्यांचा चेहरा मिटायचा. एडवणला घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अंगाने थोराड, कूस बदलायची तरी दोन माणसांचं काम, आणि ते या एकट्या करत. नवरा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर. दिवसा बसायला एक बाई यायची. कुमकबाई घरात शिरल्या की ती चपला घालायची.

अशात पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं बोलावणं आलं. तुर्की भाषांतून मराठीत आलेल्या शब्दांचं, तिथेच राहून करायचं दोन वर्षांचं काम. बाईंनी मुंबईच्या दोन्ही दिरांना जेवायला बोलावलं आणि विचारलं, आईंना एकेक वर्ष सांभाळाल का? दोघांनी पापलेटाचं कालवण ओरपलं. मग धाकटा म्हणाला, "वहिनी, आईला तुमच्या हाताची सवय हाय. आमाला नाय जमायचं."

आतून सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "तू जा गं. मी ऱ्हाईन पडून."

"नको म्हणाल्या असत्या तर भांडून गेले असते," बाई मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "जा म्हणाल्या. आता कशी जाऊ?"

मला दिरांचा राग आला, सासूचा आला, खरं तर बाईंचाही आला. त्यानंतर त्या कझाकांबद्दल बोलेनाशा झाल्या. मी मुद्दाम विषय काढला तरी वह्या तपासत राहायच्या.

सासूबाई आणखी सात-आठ वर्षं होत्या. पुण्याचं काम तोवर दुसऱ्या कुणीतरी संपवलंही होतं. सासूबाई गेल्याचं कळलं तशी मी एडवणला गेले. अंगण माणसांनी भरलेलं. दीर, त्यांचे मुलगे, चुलते, भाचे. खांदा द्यायला नुसती चढाओढ. तिरडी अलगद उचलली गेली.

बाई दाराशी उभ्या होत्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "इतके हात होते गं घरात."