उन्हात वाळवलेले नकाशे

सांगलीत नदीच्या अंगाला वास्तुकलेचं एक कॉलेज आहे. तिथल्या ग्रंथालयात रामगोंडा अण्णा अठ्ठावीस वर्षं शिपाई. जाडजूड इंग्रजी पुस्तकांशी त्यांचं फारसं जमलं नाही, पण कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटातल्या नकाशांवर त्यांचा जीव. दर साली लँडस्केपची मुलं गावोगाव हिंडून ओढे, विहिरी, झाडं मोजत आणि हातानं काढलेले नकाशे तिथं ठेवून जात. दुसरी प्रत कुणाकडेच नसे.

जैनांच्या श्रुतपंचमीला बस्तीतली, म्हणजे देवळातली, शास्त्रं बाहेर काढून, ऊन दाखवून, नव्या फडक्यात बांधतात. अण्णांनी तोच नेम नकाशांना लावला होता. "अण्णा, आता आरतीपण करा की ह्यांची," म्हणून मुलं चिडवायची. अण्णा हसायचे आणि गाठ घट्ट करायचे.

एकोणीस सालच्या पुरात पाणी कपाटावरून गेलं. ओसरल्यावर गुडघाभर चिखलातून सगळ्यांत आधी अण्णाच आत शिरले. गठ्ठे भिजून जड झाले होते, पण आतली शाई देवानं राखली होती. ग्रंथपाल राजेश्वरीबाई साताऱ्यात अडकलेल्या, रस्ते बंद. त्यांनी फोनवर बजावलं, "अण्णा, उलगडू नका. ओलेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवा. मी येऊन एकेक सोडवते."

जन्मभर शास्त्रं वाळवणाऱ्या हातांना हे पटेना. भिजलेलं तसंच कोंडून ठेवायचं म्हणजे त्यांना पाप वाटलं. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि अण्णांनी सगळे गठ्ठे गच्चीवर मांडले. दिवस मावळेपर्यंत कागद एकमेकांना चिकटून पाटासारखे कडक झाले. एक सोडवायला गेले, तर फाटून तुकडा हातात आला.

बाई आल्यावर अण्णांनी सांगितलं, पुरानं घालवलं. बाईंनी गठ्ठ्यांकडे पाहिलं, गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं, आणि रजिस्टरात 'पुरात नष्ट' असं लिहिलं.

गेल्या उन्हाळ्यात कडेगावची स्वप्नाली शेवटच्या वर्षाच्या कामासाठी आली. तिच्या मावशीच्या घरामागचा ओढा मुरूम टाकून बुजवत होते, वर प्लॉट पडणार होते. सरकारी नकाशात ओढा नव्हताच. सोमवारी तहसील कचेरीत सुनावणी होती आणि तिथले साहेब कागद दाखवा म्हणत होते. जुन्या मुलांनी तो ओढा मोजलाय, एवढं तिला ठाऊक होतं.

अण्णांना तो नकाशा तोंडपाठ होता. दोन वळणं, सात उंबर, मधे दगडी पायऱ्या. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मग वही मिटून म्हणाली, पुरानं घात केला.

अण्णा म्हणाले, "पुरानं न्हाई, बाळ. पुरातनं ते वाचलं हुतं. बाई नको म्हणत असताना मी उन्हात घातलं."

जे आठवतंय ते लिहून सही करून द्या, एवढंच स्वप्नाली म्हणाली. अण्णांनी लिहून दिलं. सोमवारी साहेबांनी ते वाचलं, म्हातारबाबांच्या आठवणीवर ओढा धरता येत नाही म्हणाले आणि कागद परत केला.

श्रावणात मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. अण्णा बघायला गेले. पाणी दोन्ही वळणं घेत, त्यांनी लिहून दिलेल्या जागेवरूनच आलं होतं. मावशी ओलं अंथरूण पिळत होती. अण्णा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

ह्या श्रुतपंचमीला बस्तीत शास्त्रं बाहेर निघाली, तेव्हा अण्णांनी त्यांना हात लावला नाही. सतरंजीच्या टोकाला बसून राहिले. ऊन पुढं सरकलं, तसे मागं मागं सावलीत सरकत गेले.