चाकापुढचं लिंबू

मी भित्री आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. विमान हललं की मी शेजारच्याचा हात धरते, मग तो नवरा असो वा नसो. अशा बाईच्या नवऱ्याने फिफ्थ व्हील घ्यावी, म्हणजे ट्रकच्या हौद्यात मान टेकवून मागे ओढत न्यायचं चाकांवरचं अख्खं घर, याला काय म्हणायचं! इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधले आमच्या ओळखीचे लोक सुट्टीत क्रूझला जातात. आम्ही स्वयंपाकघर ओढत डोंगरात जातो.

जुना ट्रक होता तोवर ठीक होतं. नवा ट्रक उंच निघाला. मागच्या गाडीचं तोंड वर आणि बूड खाली, असं ध्यान तयार झालं. पहिल्याच खेपेला हायवेवर शेजारून एक अवाढव्य मालट्रक गेला आणि आमचं घर मागे डुलायला लागलं. आधी थोडं, मग ट्रकलाच हिसके देत. स्टिअरिंगवर नवऱ्याची बोटं पांढरी पडली होती. मागच्या सीटवर सासूबाई होत्या, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी आरशात बघत थिजून बसले होते. गाडी सावरली, पण पुढे कितीतरी दिवस डोळे मिटले की मला तो आरसा दिसायचा.

"गाडी लेव्हल नाहीये, एवढंच," नवरा घरी आल्यावर म्हणाला. "सस्पेन्शन उचललं की स्टेबल होईल. मीच करतो."

"दुकानात दे ना यार."

"अगं, त्यांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत फॉल कलर्स संपतील, झाडांवर एक लाल पान उरणार नाही."

हा माणूस दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. त्याने व्हिडिओ पाहिले, स्प्रिंग आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवायचे लोखंडी ठोकळे मागवले आणि ड्राइव्हवेमध्ये ते धूड जॅकवर चढवलं. चाकं काढली आणि खाली शिरला. मी बाहेर उभी. लोखंड कुठे करकरलं की मी वाकून खाली बघायचे. मी त्याच्याशी सारखी काहीबाही बोलत राहायचे. भाजी कुठली करू, हे मी किती वेळा विचारलं असेल! खालून वैतागलेलं का होईना, उत्तर आलं की जिवात जीव यायचा.

काम मात्र चोख झालं. चाकं परत चढली, गाडी जमिनीवर आली आणि पाणसळ लावल्यासारखी समतल उभी राहिली. मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पूजेचं ताट काढलं. गाडी एवढी खोलून जोडली, म्हणजे नवीच झाली, असं त्यांचं म्हणणं. इथली मोठी पिवळी लिंबं त्यांनी हातातसुद्धा घेतली नाहीत. "ही लिंबं आहेत की मोसंबी?" म्हणाल्या. म्हणून इंडियन स्टोअरमधून हिरवी आणली होती.

ट्रक अजून जोडलेला नव्हता, रस्त्यावर उभा होता. गाडी पुढच्या दोन लोखंडी पायांवर टेकलेली, तोंड रस्त्याकडे करून. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता, म्हणून चाकांपुढे पिवळ्या रबरी पाचरी लावलेल्या. नवरा शेवटचे बोल्ट बघायला खाली शिरला होता. त्याचे पाय पुढच्या चाकासमोरून बाहेर आलेले. मी घराच्या दारातून डबे आणत होते.

सासूबाईंनी चाकाला कुंकू लावलं. लिंबू ठेवायच्या जागी पाचर होती. त्यांनी ती हलवून ओढून काढली, बाजूला नीट ठेवली आणि तिथे लिंबू ठेवलं.

गाडी कुरकुरली. चाक फिरलं, अगदी सावकाश. लिंबू चिरडल्याचा आवाज मला पायरीवर ऐकू आला. लिंबाच्या पुढेच त्याची नडगी होती.

डबे कुठे पडले मला आठवत नाही. मी पाचर उचलली आणि चाकाखाली कोंबली, लाथ मारून मारून बसवली. पलीकडच्या बाजूच्या पाचरीने गाडी तेवढ्यावर अडवली होती, हे नंतर कळलं.

"कोण चढलंय गं आत?" खालून नवऱ्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले. "बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

तो हात पुसत बाहेर आला. "आई, लिंबू आधीच फोडलंस होय?" म्हणून हसला. सासूबाई चिरडलेल्या लिंबाकडे बघत होत्या. त्यांना कळलं की नाही, मला समजेना. सांगावं, तर या वयात त्यांना जन्मभराचा घोर लागेल. न सांगावं, तर तो घोर माझ्या एकटीच्या वाट्याला. मी ताट उचलून आत नेलं.

रस्त्याला लागल्यावर गाडी खरंच डुलली नाही. मालट्रक शेजारून गेले, आरशात आमचं घर जागचं हललं नाही. नवरा खूश होऊन शीळ घालत होता. माझी भीती मात्र आता आरशातून निघून त्या चाकाशी जाऊन बसली होती.

थोडं अंतर गेल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळायचे असतात, म्हणून तो एका रेस्ट एरियात थांबला. नट झाल्यावर म्हणाला, "जरा खालचे बोल्ट पण बघून घेतो." आणि आडवा झाला.

मी पाचर घेऊन निघाले. ट्रक जोडलेला होता, हँडब्रेक लावलेला होता, पाचरीची खरं तर गरज नव्हती. एवढ्यात सासूबाई ट्रकमधून उतरल्या. ज्यांना गुडघ्यांमुळे साधं खाली वाकवत नाही, त्या. त्यांनी माझ्या हातातून पाचर काढून घेतली, चाकाला टेकवली आणि तिथेच डांबरावर बसल्या, दोन्ही हात पाचरीवर दाबून.

"आई, उन्हात काय बसलीस? गाडीत जा ना," खालून आवाज आला.

"तुझं होऊ दे आधी," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही खाली बसले आणि माझा हात त्यांच्या हातांवर ठेवला. त्यांचे हात गार पडले होते. तो बाहेर येईपर्यंत आम्ही दोघींनी ती पाचर सोडली नाही.