आजा आला तो दिवस

फिनेलचा वास आला की पवनीच्या बालगृहातले माझे पहिले दिवस आठवतात. मी तिथे स्वयंसेवक म्हणून मुलांना शिकवायला जायचे. सहा वर्षांची एक मुलगी रोज विचारायची, "मॅडम, माहा आजा कवा येते?" एका दुपारी लाखांदूरच्या एसटीनं तिचे आजोबा खरंच आले. ती धावत जाऊन आपल्या कपड्यांची पिशवी घेऊन आली. पण आजोबांच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ होता. "याले बी ठेवून घ्या, माह्याच्यानं आता होत नाही," एवढंच ते म्हणाले आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. भाऊ रडायला लागला. तिनं पिशवी खाली ठेवून त्याला जवळ घेतलं. "रडू नोको, इथी रोज भात भेटते." आता मी दुसऱ्या गावी असते. ती दोघं कशी आहेत, हे विचारायला फोन करायचा धीर मला होत नाही.