चाकावरचा शेंदूर

खंडेनवमीला आमच्या जालन्याच्या कापसाच्या जिनात यंत्रांची पूजा झाली. दसरा उलटल्यावर दातेरी चाकांवरचा शेंदूर पुसत होतो, तेव्हा तो दात दिसला. बाकीचे दात फडक्यानं लख्ख झाले, याच्यावर मात्र बारीक लाल ठिपके राहिले. पुन्हा पुसलं. जाईनात. नखानं चाचपलं तर खड्डे होते, देवीचे वण असतात तसे.

मी तिथं तेलवाला होतो, यंत्रांना तेल घालायचो. चौथीत शाळा सुटली, मग बिदरकडचं गावही सुटलं. इथं आल्या आल्या तापानं पडलो, तेव्हा हसनाबादच्या मावशीनं पेज पाजून उठवलं. नात्याची नव्हे, सरकी काढायच्या यंत्रावर, म्हणजे रेच्यावर, कापूस घालणारी बाई. तिची जागा नेमकी त्या चाकाशेजारी.

मिस्त्रीचाचांना नेऊन दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं.

"लोखंड बी थकतं, बेटा. दात दाताला दाबून राह्यला. वरून चमक, आतून केसाएवढी चीर. मंग खपली निघते."

"तुटंल का?"

"कधी एवढ्यावरच थांबतं. पण ठिपक्याला ठिपका मिळाला, तर बिलकुल चालवायचं न्हाई. नवं चाक मुंबईहून यायचंय."

तेव्हापासून दुपारी भाकरीसाठी इंजिन थांबलं, की मी त्या दाताला शेंदूर चोळायचो, पुसायचो आणि बघायचो. मावशी हसायची.

"रोज कुंकू लावून राह्यलास, लगीन लावतू काय चाकाचं?"

ठिपके वाढत होते, आणि चाक मात्र पहिल्यासारखंच गुमान फिरत होतं. काही खडखडलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी तिला म्हणालो, "मावशी, दुसऱ्या रेच्यावर जा."

"अन् मंग इथं कोन बसंल? तिला कोनी न्हाई का?"



एका दुपारी फडकं उचललं, तर दाताच्या मुळाशी ठिपके राहिलेच नव्हते. एकच लाल रेघ होती. तेवढ्यात इंजिन सुरू व्हायची शिट्टी झाली. बाया जागेवर बसल्या. चाचा पार गठाणी बांधतात त्या बाजूला होते. मी धावत जाऊन त्या रेच्याला फिरवणारा पट्टा उतरवला.

मुनीम ओरडत आला, "कोनाच्या हुकमानं?"

आता गावाची वाट धरावी लागणार, एवढंच डोक्यात होतं. चाचा आले, कानशीचं टोक रेघेत घालून दाबलं. दाताचा तुकडा टणकन फरशीवर पडला. मुनिमानं तो बघितला आणि पाठ फिरवली.

मावशीनं तुकडा पदरात घेतला, फाटकाजवळच्या मरीआईच्या दगडापुढं ठेवला, परत आली आणि आपलं उरल्या भाकरीचं फडकं सोडलं. तिनं भाकर मोडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"खा जल्दी. मला आता कुठं बसायचं ते इचारायचंय."