शेडच्या दारातले काका

आम्ही विद्यापीठात रेशमापासून जखमेवरची पट्टी बनवतो. त्यासाठी कोष आणायला मी गेवराईजवळ रेशीमकिडे पाळणाऱ्या एका काकांकडे जातो. किड्यांना वास सोसत नाही, म्हणून काका शेडच्या दारात प्रत्येकाला हुंगतात. कोष कानाशी हलवून बघतात आणि पोचट वाटला की मला न विचारता बाजूला टाकतात.

परवा आमच्या पट्टीवर पहिल्यांदाच कातडीच्या पेशी वाढल्या. आनंदाच्या भरात मी सेंट मारून त्यांना फोटो दाखवायला गेलो. काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मग आत वळून काकूंना म्हणाले, "आगं, किड्यांना आज लई पाला टाक. आपल्या रेशमावर माणसाचं कातडं उगवलंय."

मी आत पाऊल टाकलं, तसा त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला.

"तुमी न्हाई. आधी आंगूळ करून या."