मुठीखालची अक्षरे

एका जपानी तलवारीच्या मुठीखाली तिच्या धन्याचे नाव कोरलेले होते, आणि ते मी घासून काढविले. हे एवढे वाक्य लिहावयास मला पंधरा वर्षे लागली. एरवी मला वाक्यासाठी थांबावे लागत नाही. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसून मी लिहिलेले अर्ज पदवीधर कारकुनांनी नमुना म्हणून जपून ठेवले आहेत. माझा अर्ज हरकतीचा शेरा घेऊन कधी परत आला नाही, असा माझा लौकिक होता. पुढचे सारे त्या लौकिकापायी घडले, म्हणून तो आधी नमूद केला.

तलवार एका निवृत्त सुभेदारांची होती. जरीपटका वस्तीच्या अलीकडे त्यांचे घर. महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते आणि जपानी फौजेने शस्त्रे खाली ठेवली तेव्हा ही तलवार त्यांच्या हाती आली. इतकी वर्षे ती लोखंडी पेटीत जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली होती. आता त्यांना तिचा परवाना हवा होता.

"परवाना काहून पाहिजे ते सांगतो," ते बाकावर बसत म्हणाले. "त्याचं असं झालं बाबूजी, तिकडं मांडल्याच्या पुढं आमचा तळ..."

"सुभेदारसाहेब, लढाई मागाहून. आधी लांबी सांगा."

"लांबी मोजाले टेप नाही आणला. कहानी आणली."

"कहाणीला अर्जात रकाना नसतो," मी म्हणालो. भोवतालचे पक्षकार हसले. सुभेदारही हसले, आणि कहाणी तिथेच राहिली.

ती कहाणी मी ऐकली असती, तर तेव्हाच समजले असते की त्यांना तलवार ठेवायची नव्हतीच. ज्याची होती त्याच्या घरी ती पोचवायची होती, आणि विनापरवाना शस्त्र घराबाहेर काढता येत नाही, एवढ्यासाठी ते माझ्या दारी आले होते.

मी त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन तलवार पाहिली, मोजली आणि मुद्रांकित कागदावर अर्ज सिद्ध केला. पाते वरपासून खालपर्यंत तांबडे झालेले, त्यावर काही दिसत नव्हते. माझ्या ठरलेल्या मसुद्याप्रमाणे मी लिहिले: "सदर शस्त्रावर कोणतेही नाव, अक्षर अथवा खूण नाही." सुभेदारांनी न वाचताच विश्वासाने सही केली. गंजके शस्त्र साहेबापुढे ठेवणे बरे दिसत नाही, ते आधी साफ करून घेऊ, अशी सूचनाही माझीच. चांगला शिकलगार माझ्या माहितीतला होता; परवान्याआधीच ती गुपचूप तिथवर नेण्याची जबाबदारी मी घेतली.

सदर भागातल्या बाजारामागे गल्लीत त्याचे दुकान होते. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे हा रोजचा धंदा. पण त्याच्या घराण्यात पूर्वी तलवारींचे काम होई. म्हाताऱ्याने तलवार हातात घेतली, बोटाने उलटसुलट केली आणि चाकाचा पट्टाच काढून ठेवला.

"ही चाकावर चढवाची चीज नाही, वकीलसाहेब. तापली तर जीव जाईन हिचा."

तो मला थट्टेने वकीलसाहेब म्हणे. मी ते थट्टा म्हणून कधी घेतले नाही.

त्याने पाते पाण्यात भिजवलेल्या दगडांवर घासायला घेतले. एक दगड झाला की त्याहून मऊ दुसरा. एका वेळी दोन बोटांएवढीच जागा. मी रविवारी जाऊन बसत असे. तिसऱ्या रविवारी धारेच्या कडेने एक पांढुरकी लाट उमटू लागली, तापल्या दुधावर साय धरावी तशी. "रंग नाही हा," तो म्हणाला. "ज्यानं केली त्यानंच हे आत ठेवलं. मी फक्त वरचं काढून राहिलो."

चौथ्या रविवारी त्याने मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ उतरवली. आतली दांडी काळी पडली होती. त्या काळ्या गंजात, छिन्नीने कोरलेली, एकाखाली एक पाच-सहा अक्षरे होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल व्हायचा होता. त्यात "अक्षर नाही" असे माझ्या हातचे लिहिलेले. नवा कागद घेता आला असता, सुभेदारांची पुन्हा सही घेता आली असती. परंतु मग मूठ न उघडताच मी वर्णन लिहिले, हे कबूल करावे लागले असते. शिवाय कोणाला न वाचता येणारी लिपी पाहिली की कचेरी विचारणारच: यात काय लिहिले आहे? भाषांतर कोठे आहे? म्हणजे शेरा.

"हे काढून टाका," मी म्हणालो.

त्याने हातातले फडके खाली ठेवले. "काहून?"

"अर्जाला बाध येतो."

"मुठीतला गंज कोनी काढत नसते, भाऊ. माह्या बापानं कामठीच्या छावणीत एका साहेबाची अशीच केली होती. पातं घास, म्हने, दांडीले हात नको लावू. तिचं वय तिथं राह्यते. आन् हे तं कोनाचं नाव दिसून राहिलं."

"तुम्हाला वाचता येतं?"

"मले तुमचंबी वाचता येत नाही. म्हनून तुमचं घासून टाकू काय?"

मला राग आला. मी म्हणालो, "मालकाची मंजुरी आहे." ती नव्हती. मी मालकाला विचारलेही नव्हते.

त्याने पुन्हा एकदा विचारले, "नक्की?" मी मान हलवली. मग त्याने कानस घेतली. अर्धा तास लागला असेल. या कामाच्या वेळी त्याने पाणी लावले नाही आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. शेवटी चकचकीत दांडी माझ्यासमोर धरून म्हणाला, "घ्या. तुमचा कागद खरा झाला." त्यानंतर त्याने मला वकीलसाहेब म्हटले नाही.

परवाना विनाहरकत आला. सुभेदारांनी घरच्या जवसाच्या चटणीचा डबा आणून दिला. ती मी आवडीने खाल्ली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या वस्तीतल्या विहारात एक जपानी भिक्खू उतरले. "तुमीबी चला," सुभेदार तलवार त्यांना दाखवायला निघताना म्हणाले. "हे तुमच्यामुळं झालं." मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तेथे ती कहाणी मी प्रथम ऐकली. शस्त्र खाली ठेवण्यापूर्वी एका जपानी अधिकाऱ्याने स्वतः मूठ उतरवली, आतल्या अक्षरांवर बोट ठेवले आणि मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवले. पहाऱ्यावर असलेल्या सुभेदारांनी मान हलवून कळल्याचे सांगितले. आठ दिवसांनी तो छावणीत तापाने गेला.

भिक्खूंनी तलवारीला नमस्कार केला, खुंटी काढली, मूठ उतरवली. दांडी उजेडाकडे नेऊन बराच वेळ फिरवली. "नाम नहीं है," ते तुटक हिंदीत म्हणाले.

सुभेदारांनी स्वतः पाहिले. बोट फिरवून पाहिले. मग खिशातून माझ्या अर्जाची नक्कल काढली, घडी उलगडून ते वाक्य वाचले आणि मला विचारले, "तुमी पाहूनच लिवलं होतं ना, बाबूजी?"

"हो," मी म्हणालो.

"मंग माह्याच ध्यानात चूक असन. इतके साल झाले." त्यांनी नक्कल जपून परत घडी केली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी माझ्या कागदापुढे खोटे ठरवले. भिक्खूंनी माझ्याकडे एकदा पाहिले. कानशीचे ओरखडे त्यांना दिसले असावेत.

आठवते ते लिहून द्या, मी तिकडे नेऊन चौकशी करीन, असे भिक्खूंनी सुभेदारांना सांगितले. दुसऱ्या दिवशी सुभेदार कडुलिंबाखाली आले. "आज तरी कहानीले रकाना आहे काय?" त्यांनी हसत विचारले. मी मध्ये एकदाही बोललो नाही. चार ताव भरले. ज्याला द्यायचे त्याचे नाव वर घालायची वेळ आली, तेव्हा ते म्हणाले, "जागा सोडून द्या. गावलं का भरू."

मी जागा सोडली. पत्राचे उत्तर आले नाही. परवान्याच्या नूतनीकरणासाठी सुभेदार नेमाने येत राहिले, आणि वर्णनाच्या रकान्यात मी तेच वाक्य लिहीत राहिलो. प्रत्येक वेळी सांगेन असे ठरवी, आणि प्रत्येक वेळी ते आधी माझ्या प्रकृतीची चौकशी करीत. तीन वर्षांपूर्वी ते वारले. तलवार अजून त्यांच्याच घरात आहे.

त्या पत्राची कार्बन प्रत माझ्याजवळ आहे. वर सोडलेल्या जागेत मी अधूनमधून ती अक्षरे आठवून काढू पाहतो. पहिले घराच्या छपरासारखे होते. त्यापुढचे एकही आठवत नाही.